हट्टाने हरणारी

माझ्या आतेबहिणीइतकं हट्टाने हरणारं माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही. हरणारे पुष्कळ पाहिले. रडून हरणारे पाहिले, हसून हरणारे पाहिले, पाय मुरगळल्याचं निमित्त करून अर्ध्यावर निघून जाणारे पाहिले, आणि हरल्यावर तत्त्वज्ञान सांगणारे तर घरोघरी आहेत. पण हरल्यानंतर समोरच्याचा हात हातात घेऊन, जणू त्यानेच काहीतरी गमावलंय अशा नजरेने त्याच्याकडे बघत कोर्टाबाहेर येणारी ही एकटीच. तिला हरताना पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसाला निकाल शेजाऱ्याला विचारून घ्यावा लागतो.

ती टेनिस खेळते. खेळते म्हणजे संध्याकाळी पांढरे बूट घालून क्लबात जाते असं नव्हे. टेनिस हा तिचा पेशा आहे. जगातल्या व्यावसायिक खेळाडूंची जी भलीमोठी क्रमवारी असते, तिच्या शेपटाकडे कुठेतरी तिचं नाव असतं. कधी जरा वर सरकतं, कधी खाली घसरतं, पण निघत नाही. टीव्हीवर दिसतं ते टेनिस वेगळं. हिचं टेनिस म्हणजे कुठल्याशा शहरातल्या क्लबची कोर्टं, बघायला दोन्हीकडचे नातेवाईक, आणि सामना रंगात आला की नेमकं बेसलाइनवर येऊन बसणारं एखादं कुत्रं. तिचे वडील कोराडीच्या कोळशाच्या वीज केंद्रात होते. तिथल्या कॉलनीत कुण्या जुन्या साहेबाने हौसेने करून घेतलेलं मातीचं एक कोर्ट होतं. कोराडीत सकाळी वाळत घातलेला पांढरा सदरा दुपारपर्यंत करडा होतो, कोर्टाचंही तसंच. चुन्याच्या रेघा मारल्या की थोड्याच वेळात त्यांच्यावर राख बसायची, आणि चेंडू आत पडला की बाहेर हे ज्याच्या त्याच्या इमानावर सोडावं लागायचं. बहिणीचा दावा असा, की असल्या कोर्टावर शिकलेल्या माणसाला रेघेची भीती उरत नाही. तिला खरंच वाटत नाही. ती चेंडू असा मारते, की वाटावं याचं नि हिचं जुनं भांडण आहे.

मी तिच्याहून चार वर्षांनी मोठा, शाळेत शिक्षक. त्यामुळे दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी माझ्या हक्काची, आणि माझी सुट्टी ही आत्याच्या हक्काची. “जाय ना गा तिच्यासंग. तसाही सुट्टीत लोळतच राहतो,” असं आत्याने एकदा म्हटलं आणि तेव्हापासून मी बहिणीचा व्यवस्थापक, हमाल, प्रेक्षक आणि गरज पडल्यास दुभाषा झालो. दुभाषाचं काम कसं पडलं ते सांगायला हवं. खेळताना ती कधी समोरच्या खेळाडूला बोलत नाही, पंचाला बोलत नाही, स्वतःलाही बोलत नाही. ती रॅकेटला बोलते, आणि ते अस्सल वऱ्हाडीत. एका स्पर्धेत चेन्नईकडचे एक वयस्कर पंच उंच खुर्चीवर बसले होते. हिने दोन फटके जाळीत घातले आणि रॅकेट तोंडासमोर धरून तिला विचारलं, “काहून वं, झोप येऊन राहिली का तुले? हात मोडले का तुहे?” सुरावरून पंचांनी जो अंदाज बांधायचा तो बांधला आणि शिवीगाळीबद्दल ताकीद दिली. हिने हात जोडून माझ्याकडे बोट दाखवलं. मला खाली बोलावण्यात आलं. मी शक्य तितक्या गंभीरपणे सांगितलं, की ही बाई आपल्या रॅकेटला झोप येत आहे का, एवढंच विचारते आहे. पंचांनी थोडा विचार केला, ‘शिवीगाळ’ खोडलं आणि त्याऐवजी ‘रॅकेटला गैर वागणूक’ असं लिहिलं. ताकीद कायम राहिली.

सांत्वन तिला चालत नाही. वडील निवृत्त झाल्यावर सगळे नागपूरच्या कडेला, बेसाला राहायला आले. तिथे अजून अर्धे रस्ते कच्चे आणि उरलेले अर्धे खणून ठेवलेले, पण प्रत्येक घरात एक सांत्वन करणारा माणूस मात्र तयार असतो. ती एका स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरून आली तेव्हा शेजारचे एक काका मुद्दाम येऊन बसले आणि म्हणाले, की बेटा, सहभाग महत्त्वाचा. हिने त्यांचा चहा होऊ दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आग्रहाने कोर्टावर नेलं. हातात रॅकेट देऊन पलीकडे उभं केलं आणि अर्धा तास सर्व्हिस केली. काकांना एकाही चेंडूचा वारासुद्धा लागला नाही. घामाने निथळत ते बाहेर आले तेव्हा हिने विचारलं, “कसं वाटलं काका? सहभाग झाला ना?” काका अजूनही येतात, पण आता फक्त हवामानाबद्दल बोलतात.

कोण समोर आहे याची तिला पर्वा नसते, असं ती म्हणते, आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. दिल्लीच्या एका स्पर्धेत सहा फुटी परदेशी मुलगी तिच्या वाट्याला आली होती. त्या मुलीच्या सर्व्हिसचा आवाज ऐकून कोर्टामागचे माळी काम थांबवून बघत होते. आमची ही जेमतेम सव्वापाच फूट. मी आत्याला फोन करून ठेवला, की उद्याच्या गाडीने येतो, जेवायला दोघांचं धर. हिने त्या मुलीला दोन सेटमध्ये हरवलं. मग दुसऱ्या फेरीत बंगळूरची एक नामांकित मुलगी हरवली. तिसऱ्या फेरीत कोण कुणाशी, तो ड्रॉचा कागद बघायला गेली, आणि परत आली तेव्हा बॅगेची चेन लावत एवढंच म्हणाली, “दादा, आईले तो उद्याच्या गाडीचा फोन पुन्हा करून ठेव.” तिसऱ्या फेरीत ती पुण्याची होती.

ही पुण्याची म्हणजे कोण, हे आता सांगणं भाग आहे. आमच्या घरात तिचं नाव कधी कोणी घेतलं नाही. ठेंगणी, जराशी गुबगुबीत, डोक्यावर पांढरी टोपी, घामाचा टॉवेलसुद्धा घडी घालून ठेवणारी डावखुरी मुलगी. तिच्या फटक्यात जोर म्हणून नाही. माझ्या शाळेतल्या मुली खडू याहून जोरात फेकतात. पण तुम्ही काहीही मारा, तो चेंडू परत येतो. आणि साधा येत नाही, उंच उसळून, डाव्या बाजूला कलत, बरोबर हिच्या बॅकहँडच्या खांद्याशी येतो, जिथून मारताना हिला चवड्यांवर उभं राहावं लागतं. चुकून चेंडू जाळीच्या पट्टीला लागून पलीकडे पडला की ती म्हणते, “सॉरी हं.” आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, हिने एखादा फटका खरोखर देखणा मारला की ती टाळी वाजवल्यासारखं करून मनापासून म्हणते, “छान!” त्या एका शब्दानंतर आमच्या बहिणीचे पुढचे चार गुण हमखास जात. मी कितीदा तरी पाहिलं. ज्यांनी त्या पुण्याच्या मुलीला धूळ चारली, त्यांना हिने धूळ चारली होती. पण हिच्यापुढे ती उभी राहिली की हिचे पाय जमिनीत रुतत, आघाडीवर असली तरी सामना हातातून जाई, आणि कसा गेला ते आम्हां कुणालाच सांगता येत नसे.

घरात ज्याचं त्याचं मत होतं. आत्याच्या मते ही सरळ सरळ नजर लागली होती. प्रत्येक सामन्याआधी ती मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊन हिची दृष्ट काढी, आणि एकदा तर तिने रॅकेटचीही काढली. रॅकेटच्या तारांत मोहऱ्या अडकल्या आणि पहिल्या सर्व्हिसला पंचांच्या खुर्चीपर्यंत उडाल्या. हिच्या वडिलांच्या मते दोष खांद्याशी येणाऱ्या त्या चेंडूचा होता. माझं मत असं, की हा मनाचा मामला आहे, आणि ते मी एकदाच बोलून दाखवलं. “मनाचं काही नाही,” ती म्हणाली. “ते माह्यापेक्षा चांगलं खेळते, म्हणून जिंकते. एक दिवस मी तिच्यापेक्षा चांगली खेळीन, म्हणून जिंकीन. यात मन कुठून आणलं तू?” एवढं ठणकावून सांगणाऱ्या या बाईने बाकरवडी खाणं सोडलं होतं. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना पाणी द्यायला ती स्वतः उठत नसे. आणि टीव्हीवर कुणी “छान” म्हटलं तर तिची मान आपोआप वळे.

शेवटी वडिलांच्या आग्रहाखातर ती धरमपेठेतल्या एका मानसतज्ज्ञांकडे गेली. मी बाहेर बसलो होतो, दार नीट लागत नव्हतं. डॉक्टर फार सौम्य माणूस. त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि एक शांत तलाव डोळ्यांपुढे आणायला सांगितला. थोड्या वेळाने विचारलं, काय दिसतंय. ती म्हणाली, अंबाझरी दिसून राहिलाय. पाणी शांत आहे का? आहे. आणखी काही? “नावेत ते बसून आहे.” डॉक्टरांनी समजावलं, की तलाव तुमचा आहे, नाव तुमची आहे, तिला खाली उतरायला सांगा. मग बहीण म्हणाली, “सांगितलं. ते म्हणते, सॉरी हं, तुम्हीच या ना.” डॉक्टरांनी पुढच्या आठवड्याची वेळ दिली. ती पुन्हा गेली नाही. म्हणाली, तिथेसुद्धा तिलेच बसायला जागा मिळते, मग मी काहून जाऊ.

मनाचा इलाज असा आटोपल्यावर तिने आपल्या पद्धतीने एक इलाज काढला: डावखुरे शोधायचे. लग्नात पंगतीला बसली की वाढणाऱ्यांचे हात बघायची. बँकेत उभी राहिली की लोक सही कोणत्या हाताने करतात ते बघायची. नागपुरातला एक दंतवैद्य, एक तबलजी आणि एक मंडपवाला तिने अशा रीतीने गाठून कोर्टावर आणले आणि त्यांच्याकडून आपल्या बॅकहँडवर चेंडू मारून घेतले. तबलजी बरा होता. ताल चुकत नसे. हे सगळं चालू असतानाच तिला बघायला कुहीकडचं एक स्थळ आलं. घरची धानाची शेती, मुलगा इंजिनियर, नागपुरात नोकरीला. बैठकीत सगळे अवघडून बसलेले, पोहे आले, आणि मुलाने चमचा डाव्या हातात धरला. त्याची आई लगेच कुजबुजली, की उजव्या हाताने खाय बाप्पा, लोकं काय म्हणतील. पण तोवर आमच्या बहिणीचा चेहरा असा उजळला होता, की दोन्हीकडच्या मंडळींनी त्याचा अर्थ वेगळाच घेतला. मुलाला मुलीशी एकट्याने बोलायचं असेल तर, असं आत्या म्हणेपर्यंत हिने त्याला कोर्टावर नेलं होतं.

त्या बिचाऱ्याने आयुष्यात रॅकेट धरली नव्हती. कडक इस्त्रीची पँट, चामड्याचे बूट, आणि समोरून येणारे ते चेंडू. तासाभराने तो परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर एक गोल लाल ठसा होता. मंडळी निघून गेली. आत्या रडायला बसली, की हे स्थळही गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुलगा कोर्टावर हजर होता, पायांत नवे कॅनव्हासचे बूट. आपल्याला खेळता येत नाही, पण शिकता येईल, असं त्याने सांगितलं. आज ते आमचे जावई आहेत. लग्नानंतर सहा महिन्यांत ते डाव्या हाताने चेंडू उंच उसळवायला शिकले. हिने त्यांना “सॉरी हं” म्हणायला शिकवलं. “छान” म्हणायलाही शिकवलं, पण ते काही साधेना. देखणा फटका बसला की ते पलीकडून ओरडत, “लय भारी मारला वं!” आणि हिची सगळी तयारी तिथेच संपायची, कारण एवढं मनमोकळं कौतुक झाल्यावर कुणाला राग येणार.

मग दोन-अडीच वर्षांपूर्वी, मार्चच्या सुरुवातीला, आमच्याच नागपुरात मोठी स्पर्धा आली. पुण्याची आली होती, आणि हा तिचा शेवटचा हंगाम असल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. यानंतर ती खेळणं सोडून शिकवायला लागणार होती. ड्रॉ निघाला तेव्हा दुसऱ्या फेरीत दोघी समोरासमोर येत होत्या, आणि पहिली फेरी दोघींनीही जिंकली. म्हणजे जिंकायचं असेल तर हीच एक संधी. आमच्या घरात दोन दिवस सगळे हळू आवाजात बोलत होते, जणू आत कुणी आजारी आहे. बहीण मात्र नेहमीसारखी होती. उलट जास्तच. सामन्याच्या दिवशी तिने सकाळी ताटभर जेवण केलं, दृष्ट काढायला आलेल्या आत्याला सांगितलं की आज राहू दे, आज जे होईल ते माझं होऊ दे, आणि स्कूटर स्वतः चालवत गेली.

पहिला सेट नेहमीसारखा गेला. उन्हं चढली होती, कोर्ट तापलं होतं, आणि ते उंच उसळणारे चेंडू एकामागून एक हिच्या खांद्याशी येत होते. बाजूच्या बाकावर आमचे जावई डावा हात उजव्या हातात घट्ट धरून बसले होते. दुसऱ्या सेटमध्ये हिने काहीतरी ठरवलं. चेंडू उसळायची वाटच बघायची नाही, असं काहीतरी. ती दोन पावलं पुढे आली आणि तिथून हटली नाही. चेंडू वर चढायच्या आतच ती मारू लागली. किती चुकले त्याला गणती नाही. मागच्या पडद्यावर चेंडू धडाधड आदळत होते. पण जे बसत होते ते असे बसत होते, की पलीकडची ती पांढरी टोपी पहिल्यांदाच धावपळ करताना दिसली. एकदा ती “छा...” एवढं म्हणाली आणि तिला दम लागला. दुसरा सेट हिचा. तिसऱ्यात ही पुढे गेली, मग तिने गाठलं, मग ही पुन्हा पुढे गेली, आणि एक क्षण असा आला की सामना जिंकायला हिला फक्त एक गुण हवा होता.

तो चेंडू मला अजून दिसतो. हिने जोरात मारलं, पुण्याच्या मुलीने कसाबसा रॅकेटचा कोपरा लावला, आणि चेंडू सरळ वर गेला. खूप उंच. उन्हात दिसेनासा झाला. तो पडू द्यायचा, उसळू द्यायचा, आणि मग निवांत कुठेही मारायचा. माझ्यासारख्या माणसालाही हे कळत होतं. जावई मनातल्या मनात “पडू दे, पडू दे” म्हणत होते, हे मला त्यांच्या ओठांवरून दिसलं. हिने पडू दिला नाही. मान वर करून, सूर्याच्या तोंडावर, तिने तो हवेतच पूर्ण ताकदीने मारला. चेंडू जाळीच्या पट्टीवर बसला, क्षणभर उभा राहिल्यासारखा झाला आणि हिच्याच बाजूला पडला. त्यानंतर सामना गेला. थोडक्यात गेला, पण गेला.

मी तिच्याजवळ पोहोचलो तेव्हा ती बुटांच्या नाड्या सोडत होती. मी काही बोलायच्या आतच तिने सांगितलं, “त्या चेंडूचं मले काही दुःख नाही. तो पडू दिला असता, तर मी परत तिच्या खेळात शिरली असती. आज मी माहा खेळ खेळून हरली.” हे सांगताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मग मला कळलं, की हात मिळवताना तिने त्या पुण्याच्या मुलीला आमच्या घरी जेवायला बोलावलं आहे, आणि ती हो म्हणाली आहे.

आत्याने इतकी वर्षं जिच्या नावाने मिरच्या जाळल्या, तिच्यासाठी आता डाळीचे गोळे घालून गोळाभात केला. ती मुलगी आमच्या बेसाच्या घरात टोपीशिवाय, ओल्या केसांनी, अंग चोरून बसली होती आणि कोर्टावर दिसायची त्याहून कितीतरी लहान दिसत होती. ताट पुढे आलं तशी ती जी जेवायला लागली, की आत्या बघतच राहिली. दोनदा भात घेतला, तिसऱ्यांदा स्वतःहून मागितला. आत्याने विचारलं, की पोरी, उपास व्हता का वं तुले?

“नाही हो काकू,” ती म्हणाली. “हिच्याशी मॅच असली की मला आदल्या दिवसापासून जेवणच जात नाही. आजचंच नाही, पहिल्यापासून. सकाळी उलट्या होतात.” ती ताटाकडे बघत बोलत होती. “बाकी कुणाशी हरले तर हरले, दुसऱ्या दिवशी विसरते. पण हिच्याशी मी कधी हरलेच नाही ना. दर वेळी वाटायचं, आज. आज ही जिंकणार. समोरून हिचा एखादा फटका यायचा, आणि मी पटकन छान म्हणायचे. कारण ते म्हटलं नसतं तर तोंडातून रडूच आलं असतं.”

बहिणीने हातातला घास ताटात ठेवला. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलेल. तिने फोडणीच्या तेलाची वाटी उचलली आणि पाहुणीच्या भातावर दोन पळ्या घातल्या. मग विचारलं, “हे आधी काहून नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तू जिंकली असतीस,” ती म्हणाली.

हे इतकं सरळ उत्तर होतं, की आमच्या बहिणीने तेलाची वाटी खाली ठेवली. मग ती हसली. मग दोघी हसल्या. आत्या डोळ्यांना पदर लावून आत गेली. बहुधा मिरच्यांचा हिशेब तिला लागत नव्हता. जाताना त्या मुलीने माझ्या बहिणीला मिठी मारली, आणि बहिणीने ती मारू दिली. पाहुणी गेल्यावर मात्र ती मागच्या अंगणात नळाखाली हात धूत कितीतरी वेळ उभी राहिली. मी विचारलं, वाईट वाटतंय का. ती म्हणाली, वाईट नाही, राग येऊन राहिला. इतक्या वर्षांत ते मले एवढं भेत होती, अन् मी आपली तिलेच भेत बसली. ती स्वतःबद्दल ‘भेत’ म्हणाली, हे मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयांना वाटलं, आपली नोकरी संपली. ते चहा घेत निवांत बसले होते. बहीण रॅकेट घेऊन दारात उभी. “चला,” म्हणाली. “जगात काय एकच डावखुरी हाय का?”

ती अजून खेळते. तिच्या वयाच्या बहुतेकींनी सोडलं. गुडघ्याला पट्टी आली आहे, आणि रॅकेटला पूर्वीपेक्षा जास्त बोलावं लागतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याबरोबर रायपूरला गेलो होतो. तिथे इंदूरची एक मुलगी होती, अठरा-एकोणीस वर्षांची, उंच, सुरेख खेळणारी. मोठमोठ्यांना हरवून आलेली. आमच्या बहिणीशी ती आधी तीनदा खेळली होती आणि तीनदा हरली होती. सामन्याआधी खेळाडूंच्या मंडपात मी पाहिलं, की त्या मुलीला पाणी घ्यायला आमच्या खुर्चीसमोरून जावं लागत होतं, तर ती मंडपाला पूर्ण वळसा घालून मागून गेली. मी बहिणीकडे बघितलं. तिनेही पाहिलं होतं. तिने बुटांची नाडी पुन्हा बांधली.

मला वाटलं, आज ही जरा सांभाळून घेईल. निदान एखादा सेट लांबू देईल. तिने त्या मुलीला असं हरवलं, की मला दोनदा मान खाली घालावी लागली. एकही सोपा चेंडू दिला नाही, एकही गुण सोडला नाही. जाळीपाशी हात मिळवताना मुलीचे डोळे भरलेले होते. बहिणीने तिचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला, आणि सोडला.

परतताना देवरीच्या पुढे आम्ही एका ढाब्यावर चहाला थांबलो. ट्रक येत-जात होते. मी म्हटलं, की त्या पोरीवर जरा दया करायला हवी होती.

“दया केली असती तर तिले कळलं असतं,” ती म्हणाली. “मग ते पुढच्या वेळी जिंकूनही जिंकली नसती.” ती रस्त्याकडे बघत होती. “पुढच्या वर्षी मी आणखी एक वर्षानं म्हातारी होईन, दादा. ते एक वर्षानं मोठी होईल. हरवन ना ते मले. आज नाही तर उद्या, पण हरवनच. हे मले दिसून राहिलं, तिले दिसत नाही. अन् मी तिले सांगू शकत नाही.”

मी विचारलं, मग त्या दिवशी काय करशील.

“शेवटच्या चेंडूपर्यंत सोडणार नाही तिले,” ती म्हणाली, आणि गुडघ्यावरची पट्टी सारखी करत उभी राहिली. तिच्या आवाजात हार नव्हती आणि राग तर मुळीच नव्हता. घरी पाहुणा यायचा असला, गाडी कोणती ते ठाऊक नसलं, की माणसं बोलता बोलता फाटकाकडे एकदा बघून घेतात, तशी तिने रायपूरकडच्या रस्त्यावर एकदा नजर टाकली. मग गाडीत जाऊन बसली.